न्हाणीत आणलेला बंब

शेजारणीनं परवा न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवून घेतला. त्याच्यावर एक कागद चिकटवलेला होता. खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा, दरवर्षी माणूस बोलावून आतून साफ करून घ्या. ती मला तो कागद कौतुकानं वाचून दाखवत होती. मी म्हटलं, "वाचलंस ना, मग कर तसं. मला काय ऐकवतेस?" ती म्हणाली, "आजी, तुम्ही एकदम अंगावरच येता." येणारच. यातला शब्द न् शब्द मी साठ सालानंतर कधीतरी, सांगलीत, माझ्या सासरच्या घरात तोंडानं सांगितला होता. तेव्हा गॅस नव्हता, तांब्याचा बंब होता, आणि प्रश्न माझ्या धाकट्या जावेच्या जिवाचा होता. सांगितलं म्हणून मला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. कागदाला कुणी वांझ म्हणत नाही, म्हणून त्याचं लोक ऐकतात.

माझं माहेर सातारचं. लग्न होऊन आले ती हळदीच्या दलालाच्या घरात. घरात सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि धाकटा दीर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. नवरा वडलांबरोबर पेठेत जायचा आणि संध्याकाळी पिवळ्या हातांनी परत यायचा. दीर पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर. घर भाड्याचं, पुढं सोपा, मधे माजघर, त्याला लागून एक अंधारी खोली, मागं स्वयंपाकघर, आणि परसात, त्या अंधाऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून, न्हाणी. न्हाणीच्या बाहेर पत्र्याची पडवी होती. तिथं तो बंब उभा असायचा.

मला घरात घेतल्यावर आत्याबाईंनी पहिलं काय दाखवलं असेल, तर तो बंब. देवघर नंतर. मधे उभी नळी, नळीत जाळ, भोवतीनं पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राख. बाजूला पितळेची तोटी. उठल्या उठल्या राख काढायची, जाळी आपटून मोकळी करायची, काठीला चिंध्या बांधून नळीतली काजळी खरवडायची. मग पाणी तोंडापर्यंत भरायचं, तोटी सोडून धार येते का बघायची, आणि त्यानंतरच काडी लावायची. एक बादली गरम काढली की एक गार ओतायची, नाहीतर बंब कोरडा पडतो आणि सांध्याला दिलेला कथलाचा डाख वितळून हातात येतो. आमच्या आडाचं पाणी जड, आतून पांढरी खपली धरायचं, तीही महिन्या-दोन महिन्यांनी काढावी लागे. आणि हे सगळं झाल्यावर वरून चिंच-मीठ लावून असा घासायचा, की त्यात तोंड दिसलं पाहिजे. या सगळ्याला माझी ना नव्हती. वस्तू वापरायची तर राखावी लागते. सातारला माझी आईही बंब असाच राखायची.

पण सातारला बंब पाणी तापवायला होता. इथं तो सून तपासायला होता. मामंजी आंघोळीला निघाले की आधी धोतराचा सोगा बंबावर फिरवायचे आणि मग तो सोगा माझ्यासमोर धरायचे. काळा डाग दिसला तर बोलायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, मी परत चिंच घेऊन बसेपर्यंत. एका थंडीत आडाचा दोर तुटला, पाणी कमी पडलं, आणि माझ्या हातून बंब अर्धा असतानाच पेटला. तोटीपाशी डाख सुटला, सगळ्या पडवीत पाणी झालं. तांबट आला, डाख देऊन गेला. मामंजी म्हणाले, "हिला आता गरम पाणी नको. हिला किंमत न्हाई त्याची." ती सबंध थंडी मी सगळ्यांचं पाणी तापवलं आणि स्वतः गार पाण्यानं आंघोळ केली. नवरा वाफाळती बादली उचलताना माझ्याकडं बघायचा नाही. एवढं त्याला जमायचं.

मूल काही मला होईना. वर्षं गेली. आत्याबाईंनी अंगारे केले, नवस केले, मिरजेच्या दवाखान्यातही एकदा नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, दोघांनाही तपासायला लागेल. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या पोराला काय धाड भरलीया?" आणि तिथनं उठल्या. तेव्हापासनं हळदीकुंकवाला मला पुढं बसवणं बंद झालं. कुणाचं बारसं असलं की मी मागं भांडी घासायला.

मग दिराचं लग्न झालं. पोरगी तासगावच्या बाजूची, आई लहानपणीच गेलेली, सावत्र आईनं वाढवलेली. बारकीशी होती, पण हसायची लय. मला आक्का म्हणायची. पहिल्याच आठवड्यात बंब घासताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, ह्यात माझं नाक केवढं दिसतंय बघा." त्या घरात त्या बंबाकडं बघून हसलेलं पहिलं माणूस ते. मला ती फार आवडायची, सांगायला काही लाज नाही. धाकटी बहीण असती तर एवढीच असती.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण सावत्र आईनं निरोप धाडला, आमच्याकडं करायला कोण न्हाई. म्हणून सांगलीतच झालं. मुलगा झाला. आत्याबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि मला बोलावून सांगितलं, "तू आता बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा न्हाईस. तुझी सावली नको पोरावर." मी तांब्या घेऊन उभी होते. तो तिथंच ठेवला आणि मागं गेले. रडले नाही. रडायची सवय मोडली होती तोवर.

पौषाचे दिवस होते, कृष्णेवरनं गार वारं यायचं. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे आपल्याकडं घरोघरी. वारं लागलं की अंगात शिरतं, जन्माचं दुखणं होतं, बाई कामातून जाते. आमच्या आत्याबाईंनी तर चंगच बांधला. पडवीतला बंब दोन गड्यांकडनं उचलून न्हाणीत आत आणवला. न्हाणीला एकच खिडकी, हातभर, तिच्यात पोती कोंबली. दाराच्या फटींना चिंध्या. आणि जाळ कसला, तर कोळशाचा. लाकडाचा धूर होतो, बाळंतिणीच्या डोळ्यांना बरा नाही, म्हणून चांगला निखारलेला कोळसा नळीत भरायचा. धूर नाही म्हणजे भ्या नाही, असा त्यांचा हिशेब.

मी ते बघून दारातच थांबले. त्याला कारण होतं. लहानपणी मी एक वर्ष महाबळेश्वरला मावशीकडं होते. तिथं पावसाळ्यात घरं चारी बाजूंनी गवतानं झाकून घेतात, बाहेरचं काही दिसत नाही. शेजारच्या बंगल्याचा राखणदार आणि त्याची बायको कोळशाची शेगडी आत घेऊन, दार लावून निजले. सकाळी दोघं उठलीच नाहीत. जळालेलं काही नाही, धूर नाही, वास नाही. मावशीनं मला हाताला धरून दाखवलं आणि म्हणाली, "कोळशाची हवा. ती दिसत न्हाई. शेगडी उंबऱ्याबाहेर, ध्यानात ठेव." मावशीला अक्षर येत नव्हतं, पण हे तिथं शेंबडं पोर सांगायचं.

मी आत्याबाईंना सांगितलं. सरळ सांगितलं, आडून नाही. "आत्याबाई, बंब आत नका पेटवू. पाणी पडवीत तापवू, मी बादल्या आत नेऊन देते. नाहीतर खिडकी तरी उघडी राहू द्या. कोंडलेल्या जागेत कोळशानं माणूस मरतं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि बोलल्या ते बाळ बघायला आलेल्या शेजारणीकडं बघून. "ऐकलं का? बाळंतिणीच्या न्हाणीत ही मरणाचं नाव घेतीया. पोट रिकामं असलं की अशी भाषा येती."

ते झालं. त्यानंतर मी काहीही बोलले तरी ते एकाच कानानं ऐकलं जाणार होतं.

न्हाऊ घालायला एक बाई यायची. ती आधी बाळाला न्हाऊ घालून गुंडाळून बाहेर आणायची, माजघरात ओवा-शेपाची धुरी द्यायला. मग परत जाऊन बाळंतिणीचं अंग रगडायचं, चार-सहा तांबे कढत पाणी घालायचं, आणि तिला कांबळ्यात गुंडाळून बंबाशेजारी पाटावर बसवून यायचं. घाम निघाला पाहिजे. दार बाहेरून ओढून घ्यायचं. पोर एकटी आत, बंद न्हाणीत, पेटलेल्या बंबाजवळ.

पहिल्या दिवशी ती भिंतीला धरून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात ओकली. डोकं फुटतंय म्हणायची, कानात घण घालतंय कुणी म्हणायची. न्हाऊ घालणारीचंही डोकं धरायचं, पण ती आत-बाहेर करायची, मोकळ्यावर आली की बरी व्हायची. एक दिवस जाऊ पाटावरनं खालीच पडली. उचलून बाजेवर निजवली, तासाभरानं बोलायला लागली. कुणीही खिडकीकडं बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मीठ-मोहऱ्या आणल्या, लाल मिरच्या आणल्या, तिच्यावरनं उतरवून शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही. येणार कुठनं, पौषातल्या जुन्या मिरच्या, किडलेल्या. पण ठसका आला नाही म्हणजे नजर मोठी. आणि नजर कुणाची, हे विचारायला ज्योतिषी लागत नव्हता.

मी एक काम केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बंब भरायला आत गेले. भरायला आणि घासायला माझे हात चालायचे, त्याला विटाळ नव्हता. तेव्हा खिडकीतली पोती ओढून काढली आणि परसात भिंतीपलीकडं टाकली. त्या दिवशी जाऊ न्हाऊन चांगली चालत बाहेर आली. माजघराच्या दारातनं मला बघून हसली सुद्धा. आत्याबाईंना कळलं ते संध्याकाळी. चुलीजवळ बसल्या होत्या. निखारे ओढायचा चिमटा लाल झाला होता, तो त्यांनी माझ्या मनगटाच्या वर टेकवला. ओरडले नाही म्हणून आणखी राग आला त्यांना. म्हणाल्या, "वारं घालून मारायला बघतीस व्हय गं तिला?"

नवरा पेठेतनं आला. मी हात दाखवला. त्यानं बघितला, कोट खुंटीला लावला, आणि म्हणाला, "हळद लाव." हळदीच्या दलालाचं पोर ते, दुसरं काय सांगणार. मी म्हटलं, "अहो, ती मरंल. तुमच्या भावाची बायको मरंल. तुम्ही मामंजींशी बोला." तो म्हणाला, "बायकांच्या गोष्टीत मी पडत न्हाई." आणि जेवायला बसला. दोन भाकरी खाल्ल्या. मीच वाढल्या.

पोती परत आली, आणखी दोन जास्त. आणि आत्याबाईंनी नेम केला, न्हाणीच्या वेळी मला माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत घालायचं आणि बाहेरून कडी लावायची. न्हाणं उरकलं, बाळाची धुरी झाली, की कडी काढायची. मी वाळवलेली अंबाडीची भाजी निवडत बसायची तिथं, हाताला काम पाहिजे म्हणून. न्हाणीची भिंत त्या खोलीच्या पलीकडंच होती. पाण्याचा आवाज यायचा. तांब्या बादलीवर आपटायचा तोही ऐकू यायचा. तेवढ्यावर मी हिशेब ठेवायची, की आता तिचं अंग धुतात, आता तिला बसवली, आता दार ओढलं.

बारशाला दीर सुट्टीवर आला. मिरजेला गाडीतनं उतरून टांग्यानं थेट घरी. माणूस मनानं चांगला, त्याचं वाईट मी कधीच बोलणार नाही. पोराला उचलून घेतलं आणि वाकडंतिकडं धरून उभा राहिला, सगळे हसले. मी तेवढ्यात त्याला परसात गाठलं. "भावजी, एक ऐका. न्हाणीतला बंब बाहेर काढा. निदान खिडकी तरी मोकळी करा. तुमची बायको रोज आत गुदमरतीया." त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आईला इचारतो, वैनी." माझ्या मनगटाकडं बघितलं आणि नजर वळवली.

त्यानं आईला विचारलं. आईनं काय सांगायचं ते सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी, मला खोलीत घालायच्या आधी, मी डोळ्यानं बघितलं. त्या दिवशी थंडी फार होती आणि जाऊ कुडकुडत न्हाणीकडं निघाली होती. दिरानं आपल्या बिछान्यातलं पलटणीचं जाड कांबळं आणलं, आणि पोत्यांच्या वर, जिथनं थोडा उजेड यायचा तिथं, दोन्ही हातांनी दाबून दाबून बसवलं. तिला म्हणाला, "आता बघ, एक झुळूक येणार न्हाई." ती लाजली. त्याच्यापुढं ती अजून लाजायची.

मी म्हटलं, "भावजी, नका."

आत्याबाईंनी माझा दंड धरला आणि खोलीत ढकललं. कडी लागली.

बाळाचं न्हाणं ऐकलं, त्याचं रडणं ऐकलं, ते बाहेर गेलेलं ऐकलं. मग तिच्या अंगावर पाणी पडलेलं ऐकलं. ती काहीतरी बोलली, न्हाऊ घालणारी हसली. दार ओढल्याचा आवाज आला. मग काही नाही. मी अंबाडी खाली ठेवली. रोज एवढ्यात ती खाकरायची, पाट सरकायचा, कांबळं झटकायची. काही नाही. मी भिंतीवर मूठ मारली. पलीकडनं काही नाही. मग मी दार वाजवायला लागले. "दार उघडा तिचं. ती बोलत न्हाई. आत्याबाई, आधी तिचं दार उघडा, मला ऱ्हाऊ द्या आत, तिचं उघडा."

माजघरात सगळे होते. धुरीचा वास येत होता. बाळाला टाळूला तेल घालत होते. आत्याबाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "वाजवू द्या. चांगल्या दिवशी अपशकून कराया बसलीया. घाम निघू दे पोरीचा."

दीर म्हणाला, "बघून येऊ का आई?"

"बाप्यानं जायचं न्हाई तिथं," आत्याबाई म्हणाल्या.

आणि तो बसून राहिला. माझा नवराही तिथंच होता. मामंजी सोप्यावर पान लावत होते. मी दारावर मारत होते, हाताची कातडी सोलली, आणि ते सगळे बाळाच्या पाळण्याला झालर कुठली लावायची ते बोलत होते. आज इतकी वर्षं झाली, मला त्या माणसांचा राग येतो तो त्या झालरीचा येतो.

बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा न्हाऊ घालणारी उठली. पोराला पाजायला आई पाहिजे, म्हणून दार उघडलं. तिच्यासाठी नाही उघडलं कुणी.

माझी कडी कुणी काढली ते आठवत नाही. मी आले तेव्हा तिला माजघरात आडवी घातली होती. आणि तिचा चेहरा, देवा, तिचा चेहरा गुलाबी होता. गाल लाल, ओठ लाल, जिवंतपणी कधी दिसली नाही एवढी तजेलदार. बाळंतपणानं पांढरीफटक झालेली पोर, आणि आता मळवट भरल्यावर लग्नातल्यापेक्षा चांगली दिसत होती. गल्लीतल्या बायका आल्या आणि तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. कुणी म्हणालं, काय तेज आलंय. कुणी म्हणालं, सवाष्ण गेली, पोर देऊन गेली, पुण्यवान बाई. आत्याबाई तिची हनुवटी धरून येईल त्या बाईला चेहरा दाखवत होत्या. "बघा, लक्ष्मीच गेली आमची." खरंच रडत होत्या. ते खोटं नव्हतं, तेच तर वाईट.

मामंजींनी डॉक्टरला बोलावलं होतं, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. तो आला, पापणी वर करून बघितली, न्हाणीत जाऊन आला, आणि सोप्यावर मामंजींच्या समोर उभा राहिला. मी दाराआड होते. तो म्हणाला, "कोळशाची हवा आहे ही. चेहरा असा लाल त्यानंच होतो. खिडकी कशाला बुजवली होती तुम्ही? बंब आत कुणी आणला?" मग डॉक्टर सायकल घेऊन गेला.

मामंजी आत आले. सगळ्यांनी वर बघितलं. ते म्हणाले, "काळजात दोष होता म्हणतोय. जन्मापासनंच."

मला ते सहन झालं नाही. मी त्या सगळ्या बायकांच्या समोर पुढं झाले. म्हटलं, "मामंजी, असं म्हणाले नाहीत ते. मी ऐकलंय. कोळशाच्या हवेनं गेली म्हणाले. खिडकी का बुजवली म्हणून विचारलं त्यांनी. तेज बिज काही नाही, ती हवाच तशी रंगवते." मी दिराकडं वळले आणि त्यालाही सांगितलं. सांगू नये असं त्या क्षणी मला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याच्या बायकोचं मरण होतं ते, त्याला खरं कळायला पाहिजे होतं. "भावजी, काल तुम्हाला हेच सांगत होते मी."

दीर उठला. न्हाणीत गेला. खिडकीतनं त्यानं ते कांबळं ओढून काढलं, मला माजघराच्या मागच्या दारातनं दिसत होतं. तिथंच उभा राहून त्यानं त्याची घडी केली, पलटणीत शिकवतात तशी, काठ काठाला लावून. घडी करायला त्याला फार वेळ लागला. परत आला तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं. मला वाटलं, हा आता आपल्या आईला विचारेल. एकटा तरी विचारेल.

तो माझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आई म्हणती तेच खरं असणार, वैनी. तुमचीच नजर लागली तिला."

त्याच्या डोळ्यात मी बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. पण आपल्या हातानं बायकोची खिडकी बुजवली, हे घेऊन माणूस कसा जगेल? त्यापेक्षा घरात एक चेटकीण असलेली परवडते. त्यानं मला निवडली. त्याचं मी समजू शकते, माफ करू शकत नाही.

त्या दिवसापासनं घरात ठरून गेलं. धाकटीला थोरलीनं खाल्लं. पेठेत गेलं, माहेरपर्यंत गेलं. पोराला बाहेरच्या बाईनं पाजलं, मग शेळीचं दूध, पण माझ्या मांडीवर कुणी दिलं नाही. नवऱ्यानं एकदाही तोंड उघडलं नाही, मिठाची गुळणी धरून बसला तो कायमचा.

पण त्याच आठवड्यात, सुतक फिटायच्या आधी, एका दुपारी मी परसात गेले तर मामंजी बंब ओढत होते. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या उचलला नाही, तो माणूस दोन्ही हातांनी कवळ घालून बंब न्हाणीतनं बाहेर काढत होता. धोतराला काजळी लागली होती. गड्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी तो पडवीत नेऊन ठेवला, मला बघितलं, आणि हात धुवायला गेले. दोन दिवसांनी सुतार आला आणि न्हाणीची खिडकी मोठी करून गेला. ती का मोठी केली, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. कोळसाही घरात यायचा बंद झाला. परत बंबफोड आली, लाकडाच्या ढलप्या, धूर होणाऱ्या.

दिराचं दुसरं लग्न पुढच्याच वर्षी झालं. मुलगी आटपाडीकडची. तिचे दिवस भरत आले तेव्हा तिकडं प्यायला पाणी नव्हतं, बाळंतिणीला न्हायला कुठनं आणणार, म्हणून तिचंही बाळंतपण आमच्याकडंच झालं. मुलगी झाली.

पहिल्या न्हाणीच्या दिवशी मी पहाटे उठून राख काढली, जाळी आपटली, बंब तोंडापर्यंत भरला आणि पडवीत पेटवला. धुरानं डोळे चुरचुरत होते. कढत पाण्याच्या बादल्या मीच न्हाणीच्या दारापर्यंत नेऊन ठेवल्या. खिडकी सताड उघडी होती, आतनं आभाळ दिसत होतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईनं खिडकीकडं बघितलं आणि म्हणाली, पोतं लावू का, वारं येतंय. आत्याबाई म्हणाल्या, "नको. येऊ दे हवा. कोंडल्यानं जीव गुदमरतो बाळंतिणीचा."

हे त्या बोलल्या. मी शेजारी उभी असताना बोलल्या.

नवी जाऊ खोलीतनं बाहेर आली, भिंतीला धरून, हळूहळू. माझ्याकडं बघून थबकली. तिला सगळं सांगून ठेवलं होतं. तिनं पदर बाळावर ओढला आणि मान फिरवली. आत्याबाई माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही, रोजचं काम सांगावं तसं म्हणाल्या, "चल, आत हो."

मी हातातली बादली खाली ठेवली, अंधाऱ्या खोलीत गेले, आणि बाहेरून कडी लागली.